रेडिओ दुर्बिणीसाठी स्रोतसूची आणि वर्णरेषासूची कशी लिहावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्रोतसूची म्हणजे दुर्बिणीने आकाशात कुठे पाहायचे याची यादी, आणि वर्णरेषासूची म्हणजे कोणत्या वारंवारतांच्या रेषा पाहायच्या याची यादी. हे प्रश्न निरीक्षणाचा वेळ पहिल्यांदाच मिळालेल्या विद्यार्थ्यांकडून आणि नव्याने या क्षेत्रात आलेल्या संशोधकांकडून आमच्याकडे सतत येतात. उदाहरणे मुख्यतः दोन दुर्बिणींची आहेत. एक म्हणजे जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप), जी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची मिळून बनलेली आहे. दुसरी अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातली ग्रीन बँकची एकच १०० मीटरची तबकडी. या पानावर अक्षरे आणि अंक देवनागरीत छापले असले, तरी प्रत्यक्ष फाइलमध्ये दोन्ही रोमनच असावी लागतात.

स्रोतसूची वेगळ्या फाइलमध्ये ठेवण्याची गरज काय? निर्देशांक थेट निरीक्षणाच्या आज्ञावलीत लिहिले तर चालत नाही का?

एखाद्या वेळी चालते, परंतु ती सवय लावून घेऊ नये. आज्ञावली दुर्बिणीला काय करायचे ते सांगते आणि स्रोतसूची कुठे पाहायचे ते सांगते. ही दोन कामे वेगळी ठेवली की एकच सूची अनेक रात्री वापरता येते, ती दुसऱ्या माणसाकडून तपासून घेता येते, आणि निर्देशांकात दुरुस्ती करायची झाल्यास ती एकाच ठिकाणी करावी लागते. दुर्बीण फाइलमध्ये लिहिले आहे ते अक्षरशः पाळते. ‘१३.५’ या आकड्याचा अर्थ तास की अंश, कोणत्या काळाचा संपात (निर्देशांक जिथून मोजतात तो बिंदू) धरून, कोणत्या चौकटीत, हे फाइलमध्ये स्पष्ट नसेल, तर ती ठरलेल्या नियमाने स्वतःचा अर्थ लावते आणि कोणतीही तक्रार न करता आकाशातल्या चुकीच्या जागी वळते.

अशा फाइलची रचना साधारण कशी असते?

प्रत्येक वेधशाळेची पद्धत थोडी वेगळी असते आणि तिथली पुस्तिका हाच अंतिम शब्द मानावा. ग्रीन बँकची पद्धत समजून घेतली की बाकीच्या सोप्या जातात, म्हणून ती सांगतो. फाइल साध्या मजकुराची असते. आधी शीर्षभाग येतो, ज्यात ‘शब्द, बरोबरचे चिन्ह, किंमत’ अशा ओळी असतात. ‘फॉरमॅट’ या शब्दापुढे ‘स्फेरिकल’ लिहिले की आकाशातल्या स्थिर स्रोतांची यादी येणार आहे हे कळते, ‘कोऑर्डमोड’पुढे ‘जे२०००’ (२००० सालचा संपात धरलेली) किंवा ‘गॅलॅक्टिक’ अशी निर्देशांक पद्धत येते, आणि ‘हेड’पुढे रकान्यांची नावे ज्या क्रमाने रकाने आहेत त्याच क्रमाने येतात: नाव, विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश आणि अक्षांश म्हणता येतील असे निर्देशांक), वेग. त्याखाली प्रत्येक स्रोताची एक ओळ, आणि रकान्यांमध्ये मोकळी जागा. हॅश चिन्हाच्या पुढचा मजकूर शेरा समजला जातो.

एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. शीर्षभागातली किंमत पुढे बदलेपर्यंत लागू राहते. त्यामुळे एकाच फाइलमध्ये आधी विषुववृत्तीय आणि नंतर आकाशगंगीय निर्देशांकांचे स्रोत देता येतात. मात्र खालच्या यादीतली एखादी ओळ कापून वर चिकटवली की तिचा अर्थच बदलतो. माझा सल्ला असा, की सोय असली तरी दोन पद्धती एका फाइलमध्ये मिसळू नयेत.

विषुवांश तासांत लिहावा की अंशांत?

तास, मिनिटे आणि सेकंद मध्ये अपूर्णविराम देऊन लिहावेत. ग्रीन बँकच्या पद्धतीत अपूर्णविरामांसह लिहिलेला विषुवांश तासांत समजला जातो आणि साधी दशांश संख्या अंशांत समजली जाते. थ्रीसी २८६ या प्रसिद्ध कॅलिब्रेटरचा (दुर्बिणीची मोजमापे जुळवून घेण्यासाठी वापरायच्या ओळखीच्या स्रोताचा) विषुवांश १३ तास ३१ मिनिटे ८.२८८ सेकंद आहे, म्हणजे दशांशात १३.५१८९६९ तास. हीच संख्या कोणी रकान्यात टाकली, तर दुर्बीण तिला अंश समजते आणि १३ तासांऐवजी ० तास ५४ मिनिटांकडे वळते. योग्य दशांश संख्या २०२.७८४५३३ अंश ही आहे. प्रोग्राम लिहून सूची तयार करणाऱ्यांकडून ही चूक जास्त होते, कारण तासांचे १५ ने गुणाकार करायचे कुठेतरी राहून जाते.

जुन्या शोधनिबंधातले बी१९५० निर्देशांक तसेच वापरले तर किती फरक पडतो?

पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलत असल्यामुळे संपातबिंदू दरवर्षी सुमारे ५० विकला सरकतो (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला). बी१९५० म्हणजे १९५० सालचा संपात धरलेले निर्देशांक. ५० वर्षांत हे सरकणे सुमारे ४२ कला होते. आकाशातल्या वेगवेगळ्या जागी त्याचा परिणाम कमीअधिक असतो. थ्रीसी २८६ चे बी१९५० निर्देशांक १३ तास २८ मिनिटे ४९.६६ सेकंद आणि अधिक ३० अंश ४५ कला ५८.६ विकला आहेत, तर जे२००० निर्देशांकांत क्रांती अधिक ३० अंश ३० कला ३२.९६ विकला आहे. दोन्ही जागांमधले अंतर अर्ध्या अंशाहून अधिक भरते. जीएमआरटीच्या एका अँटेनाचे दृष्टिक्षेत्र १४०० मेगाहर्ट्झला अर्ध्या अंशाहूनही लहान असल्याने स्रोत त्यातून जवळजवळ बाहेरच जातो.

यात नावांमुळे आणखी गोंधळ होतो. अनेक स्रोतांची नावे त्यांच्या निर्देशांकांवरूनच पडलेली आहेत, त्यामुळे थ्रीसी ४८ हा स्रोत बी१९५० प्रमाणे ०१३४+३२९ आणि जे२००० प्रमाणे ०१३७+३३१ होतो. हे दोन वेगळे स्रोत आहेत असे समजून दोघांनाही वेळ दिलेल्या सूची पाहिल्या आहेत. जुने निर्देशांक हाताने आकडेमोड करून बदलू नयेत. स्रोताच्या नावाने आजच्या डेटाबेसमधून जे२००० निर्देशांक घ्यावेत आणि ते कुठून घेतले याचा शेरा त्याच ओळीच्या वर लिहावा.

दशांशानंतर किती आकडे द्यावेत?

हे स्रोत कोणता आहे यावर ठरते. विषुवांशातला एक सेकंद म्हणजे विषुववृत्तावर १५ विकला. ग्रीन बँकच्या दुर्बिणीचा शलाका (बीम, म्हणजे दुर्बीण एका वेळी पाहते तो आकाशाचा तुकडा) २३.७ गिगाहर्ट्झला सुमारे ३२ विकलांचा असतो, म्हणून पूर्ण सेकंदापर्यंत गोळाबेरीज केली तर शलाक्याचा लक्षणीय भाग वाया जाऊ शकतो. दशांशानंतर एक-दोन आकडे तिथे पुरतात.

जीएमआरटीसारख्या अनेक अँटेनांच्या दुर्बिणीवर निरीक्ष्य स्रोताच्या जागेत दोन-चार विकलांची चूक झाली तरी फार बिघडत नाही, कारण चित्र काढताना स्रोत स्वतःच्या खऱ्या जागी दिसतो. फेज कॅलिब्रेटरची गोष्ट अगदी वेगळी आहे. त्याची जागा अचूक आहे असे धरूनच सगळ्या अँटेनांवरच्या लहरींच्या फेजची दुरुस्ती केली जाते. ती जागा एका विकलेने चुकली, तर आपले संपूर्ण चित्र एका विकलेने सरकते, आणि ते सरकले आहे हे चित्राकडे पाहून कधीच कळत नाही. पुढे त्या रेडिओ स्रोताची दृश्य प्रकाशातल्या दीर्घिकेशी सांगड घालताना चुकीची दीर्घिका निवडली जाते. म्हणून कॅलिब्रेटरचे निर्देशांक मान्य यादीतून, जितके आकडे दिले आहेत तितके सगळे घ्यावेत.

क्रांतीचे ऋण चिन्ह दिले असूनही दुर्बीण चुकीच्या जागी गेली, असे का होते?

बहुतेक वेळा अंशाच्या जागी शून्य असते तेव्हा असे घडते. एनजीसी १०६८ या दीर्घिकेची क्रांती उणे ० अंश ० कला ४८ विकला आहे. अंश, कला आणि विकला वेगवेगळे करून वाचणाऱ्या साध्या प्रोग्राममध्ये ‘उणे शून्य’ म्हणजे शून्यच ठरते, चिन्ह गळून पडते आणि क्रांती अधिक ४८ विकला होते. फरक ९६ विकलांचा. याच दीर्घिकेतल्या पाण्याच्या मेझरचे (पाण्याच्या रेणूंच्या, नैसर्गिकरीत्या प्रबळ झालेल्या रेडिओ रेषेचे) २२ गिगाहर्ट्झला निरीक्षण करताना ग्रीन बँकचा शलाका सुमारे ३४ विकलांचा असतो, म्हणजे आपण जवळजवळ तीन शलाके बाजूला, रिकाम्या आकाशाकडे पाहत बसतो. माझ्या विद्यार्थीदशेत एक पूर्ण सत्र मी याच चुकीपायी घालवले होते आणि रेषा सापडली नाही याची कारणे स्रोतात शोधत राहिलो होतो.

चिन्ह आधी वेगळे वाचावे आणि शेवटी लावावे हा उपाय आहे. धन क्रांतीलाही अधिकचे चिन्ह लिहावे, म्हणजे चिन्ह नसलेली ओळ लगेच खटकते.

एक्सेलमध्ये तयार केलेली सूची चालेल का?

शक्यतो नको. थ्रीसी १४७ चा विषुवांश ०५:४२:३६.१३८ असा टाकला की एक्सेल त्याला घड्याळाची वेळ समजते आणि ४२:३६.१ असे दाखवते. सीएसव्ही म्हणून जतन केल्यावर फाइलमध्ये जे दिसते तेच उतरते, म्हणजे पाच तास गेले आणि दशांशानंतरचे शेवटचे दोन आकडेही गेले. तसेच धन संख्येपुढचे अधिकचे चिन्ह पुसले जाते. एक्सेल वापरायचेच असेल, तर आकडे टाकण्याआधी सर्व रकाने ‘टेक्स्ट’ प्रकारचे करावेत.

मराठी कीबोर्डमुळे काही अडचण येते का?

येते, आणि ती लवकर लक्षात येत नाही. कीबोर्ड मराठीवर राहिला की अंक देवनागरी उमटतात. पायथनसारखी भाषा ‘१२’ ही संख्या बारा म्हणून निमूट स्वीकारते, त्यामुळे आपल्या संगणकावरची चाचणी यशस्वी होते. परंतु वेधशाळेतला दुसऱ्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम तीच ओळ नाकारू शकतो. याच जातीची दुसरी अडचण म्हणजे पीडीएफमधून नक्कल केलेले ऋण चिन्ह. छपाईतले लांब उणे चिन्ह आणि कीबोर्डवरची छोटी आडवी रेघ ही संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळी अक्षरे आहेत. आपण पाठवत असलेल्या फाइलमध्ये मूलभूत रोमन अक्षरसंचाबाहेरचे एकही अक्षर नाही, हे शोधसुविधा वापरून तपासावे. विंडोजवर लिहिलेल्या फाइलच्या ओळींचे शेवटही लिनक्सच्या पद्धतीचे करून घ्यावेत.

स्रोतांची नावे कशी असावीत?

छोटी आणि नावात मोकळी जागा नसलेली. मोकळ्या जागेने रकाने वेगळे होतात, त्यामुळे ‘एनजीसी १०६८’ असे तोडून लिहिले तर १०६८ हा विषुवांश समजला जातो. एआयपीएस या विश्लेषणप्रणालीत स्रोताच्या नावाला १६ अक्षरांची मर्यादा आहे. सूचीतले आणि आज्ञावलीतले नाव अक्षर न् अक्षर सारखे असावे.

सूचीत वेगाचा रकाना आहे. त्यात नेमका कोणता वेग लिहायचा?

सर्वांत जास्त गोंधळ याच प्रश्नावर होतो, म्हणून सावकाश पाहू. वेगाच्या आकड्याला दोन गोष्टी चिकटलेल्या असतात: तो कोणाच्या सापेक्ष मोजला आहे, आणि तो कोणत्या व्याख्येने काढला आहे.

पहिली गोष्ट चौकटीची. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते, म्हणून दुर्बिणीच्या सापेक्ष मोजलेला वेग वर्षभर बदलत राहतो. तो टाळण्यासाठी वेग सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राच्या सापेक्ष सांगतात किंवा सूर्याच्या परिसरातल्या ताऱ्यांच्या सरासरी गतीच्या सापेक्ष सांगतात. या दुसऱ्या चौकटीला एलएसआर म्हणतात. तिच्या नेहमीच्या रूपात सूर्य सेकंदाला २० किलोमीटर वेगाने विषुवांश १८ तास, क्रांती अधिक ३० अंश या दिशेला, १९०० सालच्या निर्देशांकांप्रमाणे, जात असल्याचे धरले जाते. आकाशगंगेतल्या मेघांचे वेग बहुधा एलएसआरमध्ये आणि दूरच्या दीर्घिकांचे वेग सूर्यकेंद्री किंवा वस्तुमानकेंद्री चौकटीत छापलेले असतात. चौकट चुकली तर दिशेनुसार सेकंदाला २० किलोमीटरपर्यंत फरक पडतो, जो अमोनियाच्या २३.७ गिगाहर्ट्झच्या रेषेसाठी सुमारे १.६ मेगाहर्ट्झ होतो. थंड मेघातल्या या रेषेची रुंदी काही दशक किलोहर्ट्झच असते, हे लक्षात घेतले म्हणजे चुकीचा आकार समजतो.

दुसरी गोष्ट व्याख्येची. वारंवारतेतला फरक मूळ वारंवारतेने भागून प्रकाशाच्या वेगाने गुणला की ‘रेडिओ’ वेग मिळतो, आणि निरीक्षित वारंवारतेने भागून तसेच गुणले की ‘ऑप्टिकल’ वेग मिळतो, जो प्रकाशाचा वेग गुणिले ताम्रसृती (रेडशिफ्ट) इतका असतो. जवळच्या मेघांसाठी दोन्ही सारखेच. पण सेकंदाला १०,००० किलोमीटर ऑप्टिकल वेग असलेल्या दीर्घिकेची हायड्रोजन रेषा १३७४.५६ मेगाहर्ट्झला येते, आणि तोच आकडा रेडिओ वेग समजला तर संगणक १३७३.०३ मेगाहर्ट्झला ट्यून करतो. दीड मेगाहर्ट्झचा हा फरक सेकंदाला सुमारे ३२० किलोमीटरइतका आहे, म्हणजे एखाद्या सर्पिल दीर्घिकेच्या पूर्ण रेषेच्या रुंदीएवढा.

ग्रीन बँकवर चौकट आणि व्याख्या हे दोन्ही पर्याय निरीक्षणाच्या आज्ञावलीत निवडले जातात आणि वेगाचा आकडा मात्र सूचीतून येतो. दोन माणसांनी दोन फाइल लिहिल्या की विसंगती इथेच शिरते. म्हणून सूचीच्या सुरुवातीला शेरा म्हणून ‘सर्व वेग वस्तुमानकेंद्री, ऑप्टिकल’ असे लिहून ठेवावे. संगणक ती ओळ वाचणार नाही, पण सहकारी वाचेल.

जीएमआरटीवर वेग लिहायचा नाही, तर मग काय लिहायचे?

तिथे आपण निरीक्षणाची वारंवारता स्वतः काढून देतो. पृथ्वीच्या गतीची दुरुस्ती साधारणपणे निरीक्षणानंतर, माहितीवर प्रक्रिया करताना केली जाते. १०० मेगाहर्ट्झचा पट्टा ८१९२ वाहिन्यांत (चॅनेलांत) विभागला, तर एक वाहिनी सुमारे १२.२ किलोहर्ट्झची, म्हणजे हायड्रोजन रेषेसाठी सेकंदाला २.६ किलोमीटरची होते. एका महिन्याच्या अंतराने केलेल्या दोन निरीक्षणांत पृथ्वीच्या कक्षीय गतीमुळे सेकंदाला १५ किलोमीटरपर्यंत फरक पडू शकतो, म्हणजे सहा वाहिन्यांचा. दुरुस्तीशिवाय ती निरीक्षणे एकत्र केली तर अरुंद रेषा पसरट होऊन जाते.

रेषा मुळात दुर्बिणीच्या पट्ट्यात येते का, हे सूची लिहितानाच पाहावे. १.२९ ताम्रसृतीच्या एका दीर्घिकेतली हायड्रोजन रेषा जीएमआरटीने टिपली, ती सुमारे ६२० मेगाहर्ट्झला, म्हणजे ५५० ते ८५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात होती. परंतु ०.३५ ते ०.६७ दरम्यानच्या ताम्रसृतीची हायड्रोजन रेषा ८५० ते १०५० मेगाहर्ट्झच्या दरम्यान पडते, आणि तिथे नियमित पट्टा नाही. हायड्रॉक्सिलची १६६७.३५९ मेगाहर्ट्झची रेषाही आपल्या आकाशगंगेतून आलेली असेल तर जीएमआरटीच्या आवाक्याबाहेर राहते. स्रोताची ताम्रसृती ०.१५ च्या वर गेली की ती वरच्या पट्ट्यात उतरते.

वर्णरेषासूचीतल्या वारंवारता कुठून घ्याव्यात?

मूळ वारंवारता, जिला सगळे रेस्ट फ्रिक्वेन्सी म्हणतात, ती पाठ्यपुस्तकातून घेऊ नये, कारण तिथे गोळाबेरीज केलेली असते. रेणूंसाठी अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची (जेपीएल) आणि कोलोन विद्यापीठाची सूची प्रमाण मानली जाते, आणि स्प्लॅटालॉग या ऑनलाइन संग्रहात अनेक सूची एकत्र शोधता येतात. आपल्या सूचीत निदान चार रकाने ठेवावेत: रेणू, संक्रमण (रेणूच्या कोणत्या दोन ऊर्जापातळ्यांमधला बदल), वारंवारता आणि अनिश्चितता. एकक शीर्षभागात लिहावे. ग्रीन बँकला मेगाहर्ट्झ लागतात, काही मिलिमीटर दुर्बिणींना गिगाहर्ट्झ लागतात.

जेपीएलची फाइल वाचताना एक सावधगिरी हवी. तिचे रकाने ठरावीक रुंदीचे आहेत. वारंवारतेला १३ जागा, अनिश्चिततेला ८, तीव्रतेच्या लॉगरिदमला ८, असे पुढे. शेजारचे आकडे एकमेकांना चिकटू शकतात, म्हणून मोकळ्या जागेवर तोडणारा प्रोग्राम कधीतरी दोन संख्या मिळून एक वाचतो. रेणूचा क्रमांक ऋण असेल तर ती वारंवारता प्रयोगशाळेत मोजलेली आहे, धन असेल तर गणिताने काढलेली आहे. अरुंद रेषांचे वेग मोजणाऱ्याने ही खूण आपल्या सूचीतही उतरवून घ्यावी.

एका रेषेचे अनेक घटक असतील तर कोणती वारंवारता लिहावी?

कोणतीही एक निवडावी, पण ती कोणत्या घटकाची आहे हे लिहावे. अमोनियाच्या (१,१) रेषेचे १८ अतिसूक्ष्म (हायपरफाइन) घटक आहेत आणि २३६९४.४९५५ मेगाहर्ट्झ हा नेहमी वापरला जाणारा आकडा आहे. हायड्रॉक्सिलच्या १६१२.२३१, १६६५.४०२, १६६७.३५९ आणि १७२०.५३० मेगाहर्ट्झच्या रेषा मात्र चार स्वतंत्र ओळींत द्याव्यात.

धूमकेतू किंवा ग्रह पाहायचा असेल तर?

स्थिर निर्देशांक उपयोगाचे नाहीत. ग्रीन बँकवर ‘इफेमेरिस’ प्रकारच्या सूचीत वेळेनुसार बदलणाऱ्या जागांची सारणी देतात आणि वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितात. भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे आहे, हे सारणी तयार करतानाच वजा करावे.

फाइल पाठवण्यापूर्वी शेवटची तपासणी कशी करावी?

फाइल प्रोग्रामने वाचून सर्व स्रोत आकाशाच्या नकाशावर मांडावेत. तास-अंशांची चूक आणि, क्रांती शून्याच्या अगदी जवळ नसेल तर, हरवलेले चिन्ह अशा नकाशावर लगेच डोळ्यांत भरते. जीएमआरटीसाठी उणे ५३ अंशांच्या दक्षिणेचा स्रोत सूचीत नाही ना, हे पाहावे. एक स्रोत आणि एक रेषा निवडून निरीक्षणाची वारंवारता कागदावर स्वतः काढावी आणि ती प्रणालीने दाखवलेल्या आकड्याशी जुळते का ते पाहावे. सत्र सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत प्रबळ रेषा असलेला एक ओळखीचा स्रोत घ्यावा. त्याची रेषा अपेक्षित वेगावर आली, तरच अंधूक स्रोतांकडे वळावे.